सव्वा महिन्यानंतरचा भारा

"कंबर लई दुखतीया मॅडम. पाजायला बसवत न्हाई." पहिल्या भेटीत तिची तक्रार एवढीच होती. वय सत्तावीस, दुसरं बाळंतपण, बाळंत होऊन नऊ आठवडे झालेले. सोबत आई, आणि आईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. सासर सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावात, दीड एकर ऊस आणि दोन दुभत्या म्हशी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षं बाळंतपणानंतरच्या बायकांसोबतच जास्त काम करते. कंबर धरून येणाऱ्या बाळंतिणी रोजच्याच. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण पहिल्या भेटीत मूळ दुखणं माझ्या हातून निसटलं. ते का निसटलं हे सांगणं मला उपचाराइतकंच गरजेचं वाटतं. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाळंतपण दवाखान्यात, नैसर्गिक. कळा देण्याचा टप्पा लांबला, बाळाचं वजन ३.४ किलो, टाके घालावे लागले. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढे सव्वा महिना माहेरी, आणि आईने तो मनापासून केला. रोज तेल लावून मालिश, कढत पाण्याने अंघोळ, खाटेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, कानाला फडकं, पोटाला लुगड्याचा घट्ट पट्टा. खायला तूप-भात, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. पाणी बेतानंच, तेही कोमट. "जास्ती पाणी प्यालं की पोट सुटतंय" म्हणून. आशाताई ठरल्या दिवशी येऊन बाळाचं वजन करून गेल्या, अंगावरून जाणं, ताप, दूध याबद्दल विचारून गेल्या. बेचाळिसाव्या दिवशी त्यांची शेवटची भेट झाली आणि पंचेचाळिसाव्या दिवशी ही सासरी आली. सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्यामुळे दुसऱ्याच दिवसापासून धारा काढणं आणि म्हशींसाठी उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याचा, भारा आणणं तिच्याकडे आलं.

पहिल्या भेटीत धोक्याची लक्षणं आधी तपासली. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पोटरी सुजून दुखणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा असतो. तिला त्यातलं काही नव्हतं. उताणं झोपवून डोकं जरा उचलायला सांगितलं, तशी पोटाच्या मधोमध उभी वरंबा आल्यासारखी घडी वर आली. बेंबीच्या वर तीन बोटं आत गेली, आणि खालचं मऊच लागत राहिलं. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात, मधला पडदा ताणला जातो. नवव्या महिन्यापर्यंत जवळपास प्रत्येकीचं असं होतं, आणि पहिल्या आठ आठवड्यांत ती फट बरीचशी आपोआप मिटत येते. हिची मिटली नव्हती. मी पट्टा सैल करायला सांगितला, पाजताना पाठीला आणि कोपराखाली उशी कशी घ्यायची ते दाखवलं, श्वासाचे दोन व्यायाम दिले आणि आठवड्याने बोलावलं.

"लघवीचा काही त्रास?" हेही विचारलं होतं. ती म्हणाली, "न्हाई."

दुसऱ्या भेटीला कंबर तशीच. पण अर्ध्या तासात ती दोनदा बाथरूमला जाऊन आली, आणि समोर ठेवलेल्या पाण्याला तिने हातही लावला नाही. तपासायच्या टेबलावरून उतरताना एक पाय खाली टेकवून क्षणभर थांबली, मांड्या एकमेकींवर दाबल्या, मग दुसरा पाय सोडला. हे मी शेकडो जणींमध्ये पाहिलं आहे. आईला म्हटलं, "मावशी, बाळाला जरा व्हरांड्यात उन्हात घेऊन बसता का?" त्या गेल्यावर तिला नीट विचारलं: "शिंकताना, खोकताना, बादली उचलताना थोडी लघवी सुटते का गं?"

ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यास्नीच हुतंय की मॅडम. आमच्या आत्यास्नी तर इस वर्सं झाली." तिच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

मी "त्रास" विचारलं होतं. तिच्या लेखी लघवीचा त्रास म्हणजे जळजळ. लघवी सुटणं हा तिने त्रास धरलाच नव्हता, ते बाईपणाच्या हिशेबात आधीच जमा होतं. माझा प्रश्न चुकला होता आणि आई समोर बसलेली असताना विचारणंही चुकलं होतं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर ते एका शब्दाचं कलम नाही. शिंक, खोकला, हसणं, उचलणं, संडासला घाईची लागणं, वारा न रोखता येणं, संबंधाच्या वेळी दुखणं: एकेक वेगळं विचारते, आणि एकटीला विचारते.

त्यानंतर ती मोकळी झाली. भारा डोक्यावर घेताना कपडा ओला व्हायचा. धार काढून भरलेली बादली घेऊन उकिडव्यानं उठताना व्हायचा. धुरीनं लागलेला खोकला अजून गेला नव्हता, प्रत्येक उबळीला व्हायचा. म्हणून तिने पाणी आणखी कमी केलेलं. संडासला खडा होत होता आणि रोज जोर लावावा लागत होता. लोहाच्या गोळ्या तर बाळंतपणानंतर आठवडाभरातच सोडल्या होत्या, कारण "त्यानं शौचाला काळं आन कडक हुतंय".

इथे मला सगळी गाठ दिसली. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्या झोळीवर टेकलेले असतात. बाळ बाहेर येताना ही झोळी खूपच ताणली जाते, हिच्यात तर टाकेही पडलेले. ताणलेली झोळी सावरायला वेळ आणि बेताबेतानं काम लागतं. हिच्या झोळीवर मात्र दिवसभर वरून दाबच पडत होता. पट्टा पोट आवळायचा, पोटातला दाब जाणार कुठे, तर खाली. खोकल्याचा दाब खाली, कुंथण्याचा खाली, चोवीस किलोच्या भाऱ्याचा खाली. (वजन तिच्या नवऱ्यानं पुढे हुकाच्या काट्याला लावून सांगितलं, ती म्हणाली होती "धा-बारा किलो असंल".) पाणी कमी म्हणून शौच कडक, शौच कडक म्हणून गोळ्या बंद, गोळ्या बंद म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून थकवा, आणि थकलेली बाई ओझं स्नायूंवर पेलत नाही, श्वास कोंडून पेलते. कंबरदुखी या साखळीचं फक्त बाहेर दिसणारं टोक होतं.

आईचं काय चुकलं, असा प्रश्न कुणी विचारील तर मी आईच्या बाजूने उभी राहीन. सव्वा महिन्याची विश्रांती, गरम ताजं अन्न, मालिश करणारा प्रेमाचा हात, ही बाळंतिणीला मिळालेली मोठी देणगी आहे. आणि सव्वा महिना हे माप गर्भाशयासाठी अगदी बरोबर आहे. बाळंत झाल्या झाल्या साधारण किलोभर असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं, अंगावरून जाणंही त्या सुमारास थांबतं. आजीपणजीनं जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून बांधलेलं ते माप आहे. पण झोळीचे स्नायू आणि पोटाचा मधला पडदा त्या मापात बसत नाहीत. त्यांना कित्येक महिने लागतात. सव्वा महिन्याच्या आदल्या दिवशी खाट आणि दुसऱ्या दिवशी भारा, यातली उडी शरीराला झेपत नाही. बाळंतिणीच्या कोंडलेल्या खोलीतली शेगडी आणि धुरी मात्र बंदच व्हायला हवी, इथे मी तडजोड करत नाही. कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि तिथे बाळही झोपलेलं असतं.

उपचाराआधी तिला तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवी सुटते म्हटल्यावर जंतुसंसर्ग नाही, टाके नीट भरलेत, अंग बाहेर येत नाही हे पाहिल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. लघवीत संसर्ग नव्हता. टाके भरलेले, पण व्रण हाताला दुखरा. मूत्राशय किंचित खाली उतरलेलं, शस्त्रक्रियेची गरज नाही. हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाची गोळी पुन्हा सुरू केली. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ती बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते, पण बाळ जन्मलं की गोळी संपली असं बहुतेक घरांत धरतात. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यायची, चहा-दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. पाजणाऱ्या बाईच्या अंगात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो, टाके असतील तिथे जास्त दुखतं, हेही डॉक्टरांनी तिला सांगितलं. ते ऐकून तिला किती हायसं वाटलं ते तिने मला पुढच्या भेटीत सांगितलं. आपल्यातच काही बिघडलं आहे असं ती दोन महिने मनात धरून होती.

तिसऱ्या भेटीत तिच्या संमतीने आतून तपासणी केली. "आवळून धर" म्हटल्यावर तिने काय केलं? खाली ढकललं. कळ दिल्यासारखं, श्वास कोंडून. हे खूप जणी करतात, आणि नुसतं तोंडी सांगून किंवा मोबाईलवर बघून व्यायाम करणाऱ्यांचं इथेच फसतं: महिना महिना त्या उलटा व्यायाम करत राहतात. मग शब्द बदलले. "चार माणसांत बसलीस, वारा सरायला आलाय आणि तुला रोखायचाय. मागनं रोख. तसंच धरून पुढं ओढ, लघवी थांबवल्यासारखं. आता ते सगळं आत, वर. श्वास चालू ठेव." तिसऱ्या खेपेला बोटाला हलकी उचल लागली. शून्य ते पाच या मापावर ताकद दोन, पकड तीन सेकंदांची. ती विचारत होती, "हेच का? एवढंच?" व्हय, एवढंच. फक्त लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करायचा नाही, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

या व्यायामाला जगभर केगल म्हणतात. अरनॉल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये तो वैद्यकीय जगापुढे मांडला, आणि आतल्या पकडीचा जोर मोजायचं साधनही बनवलं. म्हणजे बाई बरोबर आवळते की नाही हे तपासणं त्यांच्या पद्धतीत सुरुवातीपासूनच होतं. पुढे नाव राहिलं आणि तपासणं गळून पडलं.

तिचं वेळापत्रक साधं ठेवलं. एका वेळी आठ आवळण्या, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. घड्याळ लावून कुणाच्याच हातून होत नाही, म्हणून ते पाजण्याशी बांधलं: पहाटेचं, दुपारचं आणि रात्रीचं पाजणं, कुशीवर झोपून. सुरुवातीला तीन सेकंद धरायचं, मग आठवड्याला एखादा सेकंद वाढवत दहापर्यंत. दुसरी गोष्ट लगेच उपयोगी पडणारी: खोकला, शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. आणि तिसरी, उचलताना श्वास सोडायचा. उठतानाही सोडायचा. पट्टा फक्त लांबच्या प्रवासात, तोही दोन बोटं आत जातील इतका सैल. पट्ट्यानं आधार वाटतो हे खरं आहे, पण फट त्यानं भरत नाही. ती पोटाच्या खोल स्नायूंना काम दिल्यानं आवळत येते.

चौथ्या भेटीला नवरा आणि सासूबाई आल्या. ही भेट सगळ्यांत महत्त्वाची होती, कारण व्यायाम ती करणार असली तरी भारा घरचा होता. पाण्यावरून सासूबाई ऐकेनात. "आमी न्हाई प्यालो, तरी पाच लेकरं वाढवली." मी विचारलं, "मावशी, म्हस व्याल्यावर तिला काय देता?"

"कोमट पाणी, गूळ, बाजरीची खिचडी."

"पाणी तोडता का तिचं?"

"पाणी तोडून दूध कुठनं यील?" म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. सुनेकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "किती द्यायचं?" तहान लागेल तेवढं, आणि दर पाजण्याच्या वेळी शेजारी भरलेला तांब्या. सोबत भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, जमेल तशी अंडी. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा सुमारे सहाशे उष्मांक जास्त लागतात, आणि ते नुसत्या तुपातून नकोत, डाळीतूनही हवेत.

भाऱ्याचं नवऱ्यानं मनावर घेतलं. महिनाभर भारा मोटरसायकलवर तो आणणार. एक म्हैस तो पिळणार. दुसरीच्या वेळी तिने उकिडवं न बसता बुटक्या स्टुलावर बसायचं, आणि भरलेली बादली घेऊन उठायचं नाही. आधी रिकामं उठायचं, मग कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसून बादली अंगाजवळ घ्यायची. हे दवाखान्यात दहा वेळा करून घेतलं, पाण्याची अर्धी बादली ठेवून. आवळ, श्वास सोड, उठ. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिची जीभ दाताखाली यायची, सगळं एकदम आठवताना. दहाव्या वेळी ती उठता उठता बाळाच्या आवाजाकडे वळून बघू शकली. तेव्हा समजलं की हालचाल अंगात उतरायला लागली.

लघवी सुटली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात एकोणीस ठिपके. चौथ्या आठवड्यात नऊ. शौच मऊ झालं, खोकला गेला, आणि नुसतं तेवढ्यानंच बराच फरक पडला. या पहिल्या महिन्याचा फरक ताकदीचा नसतो, वेळ साधण्याचा असतो. स्नायूला खरा भरीवपणा यायला दोन-तीन महिने जातात. हे मी तिला सांगितलं होतं, पण ठिपके कमी झाल्याच्या आनंदात दोघीही विसरलो.

सहाव्या आठवड्यात उसाला तोड आली. नवरा दिवसभर रानात, टोळीच्या मागे. वाडं मुबलक आणि फुकट, ते सोडवतं होय! तीन दिवस तिने पूर्वीसारखे भारे आणले. त्या आठवड्यात सोळा ठिपके, कंबर पुन्हा धरलेली, आणि ओटीत काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं. तिने फोन केला तेव्हा रडत होती. "सगळं वाया गेलं मॅडम."

वाया गेलं नव्हतं. तपासलं तर पकड सात सेकंदांची होती, ताकद तीनवर होती. स्नायू सुधारला होता, ओझं मात्र त्याच्या सुधारण्यापेक्षा पुढे धावलं होतं. माझीही चूक होती: महिनाभर उचलू नको एवढंच सांगितलं, महिन्यानंतर किती उचलायचं ते सांगितलंच नाही. शेतकऱ्याच्या घरात "उचलू नको" हा सल्ला फार दिवस टिकत नाही. म्हणून वजनाच्या पायऱ्या लिहून दिल्या. आठवडाभर विश्रांती, मग पाच किलो, म्हणजे साधारण बाळाएवढं, बादलीतून. दोन आठवडे एकही ठिपका न येता ते जमलं की आठ. मग अकरा-बारा, म्हणजे अर्धा भारा. प्रत्येक पेंढी काट्याला लावून. जड वाटणं परत आलं तर एक पायरी खाली. शिवाय खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, हे एक दिवसाआड. पोट कमी करायचं म्हणून ती मोबाईलवर बघून उताणं झोपून धड उचलायचे, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम करत होती, तेही आत्ता बोलण्यातून कळलं. मधोमध वरंबा उठेल असा कोणताही व्यायाम सध्या बंद.

दहाव्या आठवड्यात चार ठिपके. सोळाव्यात एक, तोही सर्दीतल्या सलग शिंकांचा. पकड दहा सेकंद, ताकद चार. हिमोग्लोबिन ११.३. कंबर फक्त लांबच्या एस.टी. प्रवासानंतर दुखते. पोटाची फट दोन बोटांवर आली, आणि मुख्य म्हणजे आता बोटांखाली मऊ न लागता ताण लागतो. फट किती रुंद यापेक्षा तो पडदा ओझं पेलतो का हे मी जास्त बघते. दोन बोटं कदाचित तशीच राहतील. तिला ते सांगितलं, आणि पोट पूर्वीसारखं सपाट होईलच असं वचन दिलं नाही.

ती आता बारा किलोच्या पेंढ्या दोन खेपांत आणते, चोवीसचा भारा एका खेपेत आणत नाही. सासूबाईंना दोन खेपा पटत नव्हत्या, पण सून थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी पेंढ्या लहान बांधायला सुरुवात केली. मूत्राशय किंचित उतरलेलं आहे ते बाळ वर्षाचं झालं की पुन्हा तपासायचं. पाजणं थांबल्यावर कोरडेपणा जातो का ते बघायचं. तिसरं मूल नको हे दोघांनी ठरवलं आहे. त्यासाठी साधन वापरायचं की शस्त्रक्रिया करायची, हे ठरवायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोघांची एकत्र भेट ठरवून दिली. आवळण्याचा व्यायाम दिवसातून एकदा चालूच ठेवायचा, रात्रीच्या पाजण्याच्या वेळी. पुढची भेट तीन महिन्यांनी.